सायकल चालवायला गेले आणि हातात पहार आली

ऑडिटची रिटर्नं भरून झाली की आमच्या धंद्यात जरा श्वास घ्यायला मिळतो. दर महिन्याची 11 आणि 20 तारीख जीएसटीसाठी असतेच, पण रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसावं लागत नाही. यंदा नोव्हेंबरात त्या फटीत मी बाल्कनीतली मुलाची सायकल खाली उतरवली. तो शिकायला बाहेरगावी गेला आणि ही मागे राहिली. पुढे शॉकर, मागे काही नाही, जाड बटणाचे टायर. दीड वर्ष सासूबाई तिच्या हँडलवर पायपुसणी वाळत घालत होत्या.

राहायला मी कोथरूडला. वेताळ टेकडी घराच्या खिडकीतून दिसते. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आणि टेकडीचा माथा 800 च्या आसपास, शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा. वीस वर्षं ती खिडकीतून बघितली, वर गेले असेन दहा वेळा. तीही पाहुणे आले की.

पहिल्या शनिवारी पहाटे पावणेसहाला निघाले. एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या रस्त्यानं वर चढताना तीनदा उतरले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा शेजारून सत्तरीच्या एक आजी काठी टेकत पुढे गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "हळूहळू होईल हो." बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवलेलं नाही.

वर मातीची वाट सुरू झाली आणि माझी समजूत अशी की आता सोपं. सायकल चालवता येते मला. शाळा-कॉलेज सायकलवरच झालं, तेव्हाच्या पुण्यात सगळ्यांचंच होत असे. पण डांबरावरची सायकल आणि मुरमावरची सायकल यांत फक्त नाव सारखं. आमची टेकडी बेसॉल्टची. वरचा दगड झिजून त्याचा मुरूम झालेला, आणि उतारावर तो सुटा पसरलेला. फरशीवर राजगिरा सांडावा आणि त्यावरून चालायला सांगावं, तसं. खाणीच्या बाजूच्या उतारावर मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबले नाही.

कोपर सोललं, बाकी काही नाही. पण पडले ती कुसळीच्या गवतात. पावसाळ्यानंतर हे गवत वाळतं आणि त्याची कुसळं कपड्यांत घुसतात, हे टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत. मला नवीन होतं ते त्यांचं वागणं. घरी येऊन बाथरूममध्ये चिमट्यानं मोज्यातून एकेक उपटत बसले होते. एक कुसळ ओल्या फरशीवर पडलं आणि त्याची शेपटी हळूहळू फिरायला लागली. आधी वाटलं किडा आहे. कोरडं असताना ती शेपटी दोरीसारखी पिळलेली असते, ओल लागली की पीळ सुटतो. त्या फिरण्यावर बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. मातीत, मोज्यात, माणसात, त्याला सगळं सारखंच. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "उद्या नको जाऊस हं." उद्या गेले.

दुसऱ्या दिवशी वर वेताळबाबाच्या देवळापाशी पाच-सहा जणांचा कंपू भेटला. दोन कॉलेजची पोरं, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, आणि सगळे ज्यांना 'सर' म्हणतात असे एक पन्नाशीचे शाळामास्तर. पोरांनी आधी मला काकू म्हटलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ताई केलं. सरांनी काही न विचारता माझा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "दगड आहे हा. किती हवा आहे?" सर्व्हिसिंगच्या दुकानात भरून दिली होती तेवढी. मोजली तर 55 निघाली. त्यांनी पंपाची पिन दाबून फस्स करत ती 30 वर आणली. त्याच उतारावर पुन्हा नेलं. टायर आता खडीवरून उड्या मारत नव्हता, तिला धरून चालत होता. एवढी साधी गोष्ट, आणि मी आदल्या दिवशी स्वतःच्या वयाला दोष देत बसले होते.

बाकीचं शिक्षणही असंच, चालता चालता. उतारावर सीटवर बसायचं नाही, दोन्ही पेडल सपाट ठेवून उभं राहायचं, बूड मागे. ब्रेक एका बोटानं, दोन्ही मिळून, आणि तोही वळणाच्या आधी, वळणात नाही. सगळ्यात अवघड नजर. चाकासमोरच्या दगडाकडे बघितलं की चाक त्या दगडावरच जातं, म्हणून बघायचं चार-पाच मीटर पुढे. हे मला समजायला एक मिनिट लागलं आणि जमायला तीन आठवडे. अजूनही एखादा मोठा धोंडा दिसला की नजर त्याच्याकडे ओढली जाते, लग्नात नको असलेल्या नातेवाइकाकडे जाते तशी.

मग पुढच्या शनिवारसाठी कंपूचा निरोप आला: "साडेसहाला काम आहे. सायकल नाही आणली तरी चालेल. हातमोजे आणा."

काम म्हणजे काय ते तिथं गेल्यावर कळलं. देवळाकडून खाणीच्या अंगाला उतरणाऱ्या एका वाटेचा पार ओढा झाला होता. मधोमध गुडघाभर खोल ओघळ, त्यात सुटे दगड. ओघळ नको म्हणून लोक शेजारून चालायला लागले, तिथंही गवत मेलं, तिथंही ओघळ पडला. मग त्याच्याही शेजारून. एका वाटेच्या चार झालेल्या. मी म्हटलं पावसानं केलं. सर म्हणाले, "पावसाचा काय दोष? आपण त्याला रस्ता आखून दिला."

त्यांनी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली होती. दोन टोकं दोघांनी धरायची, पाण्याची पातळी बघायची, टेपनं मोजायचं. पाच मीटरला वाट सव्वा मीटर उतरत होती, म्हणजे 25 टक्के. मग टेकडीचा स्वतःचा उतार मोजला तर 28. म्हणजे वाट टेकडीच्या उताराबरोबर नाकासमोर खाली. अशा वाटेवर पडलेलं पाणी बाहेर जाणार कुठं? वाट हाच त्याला सगळ्यात सोपा मार्ग. जगभर वाटा बांधणारे लोक एक ढोबळ नियम पाळतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर 28 तर वाट फार तर 14. तसं असलं की पाणी वाट ओलांडून खाली जातं, वाटेनं धावत नाही.

वाट नव्यानं आखायची नव्हती. जागा वनखात्याची, आणि वनरक्षकांनी आधीच बजावलं होतं की आहे ते दुरुस्त करा, नवीन ओरखडा काढू नका. मला ते पटलं. टेकडीवर आधीच इतक्या फाटक्या वाटा आहेत की आणखी एक पाडायला कोणतंच कारण पुरत नाही. तेव्हा आहे त्याच वाटेवर दर दहा-बारा पावलांना पाण्याला बाहेरची वाट द्यायची, एवढंच काम.

माझ्या हातात पहार दिली. कागदावर माझं काम आकड्यांचं, त्यामुळे पहिला धोंडा उचकटताना तळहाताला फोड आला तेव्हा बाकीच्यांनी कौतुकानं बघितलं. आम्ही वाटेत आडवे दगड बसवले, एका ओळीत, सरळ, छान. दिसायला पायरीसारखं. मोजमाप करून सर मधे कुठंतरी गेले होते. ते परत आले, बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. चहा प्यायला घेऊन गेले.

चहावर एका पोरानं या खेळाची कुळकथा सांगितली. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली काही मंडळी 1970 च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यानं खाली सुटायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबून लावायचा. एका उतरणीत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे 'रिपॅक', म्हणून त्या उतरणीचं नावच रिपॅक. तिथली पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 ला झाली. ऐकून मला माझ्या वडिलांची सायकल आठवली. तिला ब्रेक नव्हतेच, ते चप्पल टायरला लावायचे.

वडिलांना त्याच रात्री फोन केला. ते पुरंदर तालुक्यात गावी असतात, आयुष्यभर कोरडवाहू शेती केली. मी ऐटीत सांगितलं की आम्ही वाटेत दगड आडवे बसवले. ते हसले. "आडवे बसवले? पाणी आडवं अडवलं की ते कोपऱ्यानं फुटतं बाई. तिरकं घे. पाण्याला कळू नये की आपण त्याला वळवलं."

आठवड्यातच अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली. शनिवारी वर जाऊन बघितलं तर नेमकं तेच झालेलं. आमच्या सरळ दगडी ओळीमागे गाळ साचून ती भरली होती आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून नवीन वाट पाडून निघून गेलं होतं. तिसऱ्या ओळीतला अर्धा दगड खाली पाच फुटांवर लोळत होता. सर म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, पण लक्षात राहिलं नसतं." मास्तर ते मास्तरच.

मग नीट केलं. दगड वाटेला साधारण 45 अंशांत तिरके, आणि दोन तृतीयांश जमिनीत गाडलेले. वर दिसतो तो फक्त माथा. काही जागी दगडच नको, नुसती वाट अशी खोलगट करायची की ती जराशी खाली जाऊन पुन्हा वर येते आणि त्या खोलगटाचा बाहेरचा काठ उघडा राहतो. सायकलला तो एक मऊ हेलकावा लागतो, चालणाऱ्याला कळतही नाही. वाटेचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा जरा खाली: एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर. डोळ्यांनी हे दिसत नाही. आम्ही वीस लिटरचा पाण्याचा कॅन वरून ओतून बघायचो आणि सहा माणसं खाली बसून, माना वाकड्या करून, पाणी कुठून जातंय ते बघायची. पहिल्यांदा ते गाडलेल्या दगडाला टेकलं, क्षणभर थबकलं, वळलं आणि गवतात शिरलं. फिजिओवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, "इथं काय पूजा आहे का?"

पाणलोटाची कामं करणाऱ्यांचं एक वाक्य लहानपणी गावात भिंतीवर वाचलेलं: धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला, थांबलेल्याला मुरायला. वाटेचं गणित थोडं वेगळं आहे. वाटेवर पाणी थांबलं आणि मुरलं तर चिखल होतो, चिखल टाळायला लोक बाजूनं जातात, म्हणजे पुन्हा चार वाटा. तेव्हा वाटेवर त्याला थांबू द्यायचंच नाही, थोडं थोडं करून गवतात सोडायचं. चालणं, थांबणं, मुरणं हे मग ते तिकडे करेल.

पण पाण्याइतकाच हट्टी दुसरा प्राणी म्हणजे माणूस. वाटेच्या एका वळणावर लोक वळण न घेता सरळ खाली उतरायचे. वाचत होती जेमतेम आठ पावलं. आम्ही त्या आडवाटेवर बाभळीची फेसाटी आणून टाकली, चांगली रचून. पुढच्या आठवड्यात बघितलं तर एकही फांदी नाही. पोरं चिडली, फोटो काढा म्हणाली. तेवढ्यात खालून मोळी घेऊन एक मावशी आल्या. मी विचारलं, तर त्या निर्मळपणे म्हणाल्या, "हां, इथलंच. एवढं नीट रचून ठेवलेलं सरपण, आणि आठ दिवस कुणी न्यायला येईना. म्हटलं वाया जाईल." यावर काय बोलणार? आता तिथं दोन मोठे धोंडे बसवलेत. ते कुणी चुलीत घालत नाही.

रविवार म्हणजे एकत्र राइड. पहिल्या दोन टेकडीवरच झाल्या: एआरएआयकडून पंचवटी, तिथून चतुःशृंगीच्या अंगाला आणि परत. तिसऱ्याला कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून पलीकडे गेलो. घाट डांबरी, त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मी एकदाच उतरले. मजा वर पोचल्यावर. भिवरीच्या आसपास रस्ता सोडून माळावरच्या बैलगाडीच्या चाकोऱ्या धरल्या. समोर पुरंदर आणि वज्रगड, दोन्ही बाजूंना वाटाण्याची आणि पावट्याची शेतं, मधे मेंढरांचा एक कळप. सगळे खाली उतरून सायकली हातात धरून उभे राहिलो, कारण कळपातून सायकल काढली की मेंढरं उधळतात आणि मग धनगराचा अर्धा दिवस जातो. हे मला माहीत होतं, पोरांना नव्हतं. त्या महिन्यात मी कुणाला शिकवलेली ही एकच गोष्ट.

तिथंच मला पहिलं पंक्चर झालं. खरं तर एकदम तीन, बाभळीचे काटे. ट्यूब बदलताना टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधायचा असतो, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. माझं बोट घाबरत होतं. बँकवाले काका म्हणाले, "कापूस फिरवा, काट्याला अडकतो." कापूस कुणाकडेच नव्हता, ओढणी होती. अडकली. बाकीच्यांच्या चाकांत ट्यूबच नाही, आत दुधासारखं द्रव असतं, भोक पडलं की ते तिथं जाऊन गोठतं. परतल्यावर मीही ते करून घेतलं. येताना एका म्हातारीकडून हंगामातली शेवटची सीताफळं घेतली आणि पाठीवरच्या पिशवीत टाकली. घरी पोचेपर्यंत मिल्कशेक झाला होता.

सगळं असं गोड नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका वळणावर आमच्यातला एक पोरगा जोरात खाली आला आणि समोरून येणारे एक टोपीवाले आजोबा दचकून कडेच्या झुडपात गेले. लागलं नाही. पण ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ही टेकडी आहे, सर्कस नाही. आम्ही इथं घाबरायला येतो का?" पोरगा वाद घालायला लागला की मी घंटी वाजवली होती. मला आजोबांचंच म्हणणं बरोबर वाटलं आणि मी तसं सगळ्यांसमोर बोलले, त्यामुळे परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. टेकडीवर चालायला येणारे हजार, सायकलवाले मूठभर. ही टेकडी रस्त्याखाली जाऊ नये म्हणून तिच्यासाठी जे मोर्चे निघाले, त्यांत चालणारेच जास्त होते. घंटी वाजवली म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही. त्यानंतर कंपूनं ठरवलं: सुट्टीच्या दिवशी सातच्या आत उतरणं संपवायचं, चढणाऱ्याला आणि चालणाऱ्याला थांबून वाट द्यायची, आंधळ्या वळणावर पायी. पोरगा महिनाअखेरीस बोलायला लागला.

शेवटच्या शनिवारी दाताळं हातात होतं. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटतं, म्हणून वनखातं आधीच जाळरेषा काढून ठेवतं: गवत कापून, जाळून एक पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग पुढे सरकत नाही. जाळण्याचं काम त्यांची माणसं करतात. आम्ही फक्त कापलेलं गवत ओढून ढीग लावले. त्यातही कुसळं. उंदीरमारीच्या झाडांखालून जाताना खाणीकडून मोर ओरडला आणि दोघा-तिघांनी एकदम माना वर केल्या, रोज ऐकत असूनही. चांगली दुरुस्त केलेली वाट स्वतःच एक छोटी जाळरेषा असते, असं सर म्हणाले. ओघळाच्या चार वाटा होत्या तेव्हा तर चार जाळरेषा होत्या, असं मी म्हटलं. त्यावर ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

काम संपल्यावर मी आमच्या वाटेचा एक फोटो काढला: तिरके दगड, बाहेर झुकलेला काठ, खाली गवतात पाणी गेल्याची गाळाची पुसट रेघ. वडिलांना पाठवला. ते फोटो मोठा करून बघतात, चष्मा कपाळावर ढकलून, हे मला माहीत आहे. तासाभरानं फोन आला.

"वरून दुसरा दगड. त्याच्या डाव्या कुशीला पोकळी आहे, दिसत नाही का? जानेवारीत कुणीतरी त्यावर पाय देऊन हलवील. खाली बारीक खडी ठोकून भर."

रविवारची राइड साडेपाचला होती. मी पावणेपाचला निघाले, टॉर्च आणि सरांकडून मागून आणलेली पहार घेऊन.